पेज प्यायची की खायची?

गेल्या वर्षी आवणीच्या दिवसांत मी तीन महिने एका संस्थेसाठी आहाराची पाहणी करत होते. काम तसं सोपं होतं. गणेशपुरीच्या आसपासच्या पाड्यांवर जायचं, दोन वर्षांखालचं मूल असलेल्या घरात बसायचं आणि आईला विचारायचं, ‘काल सकाळपासून आज सकाळपर्यंत बाळाच्या पोटात काय काय गेलं?’ ती सांगेल ते मोबाइलमधल्या ॲपमध्ये भरायचं.

ॲपमध्ये दोन रकाने होते. एक ‘पेय’, दुसरा ‘अन्न’.

पहिल्याच घरातली आई म्हणाली, ‘‘सकाळी पेज. दुपारी पेज. रातच्याला पण पेजच.’’ मी ‘अन्न’ उघडलं. भात होता, भाकरी होती, खिचडी होती. पेज नव्हती. मग ‘पेय’ उघडलं. पाणी, दूध, चहा यांच्या खाली ‘पेज/कांजी’ होतं. मी तिथे बोट टेकवलं, तीन वेळा. खाली आपोआप ओळ उमटली : ‘अन्न - ० वेळा’.

संध्याकाळी घरी आल्यावर आजीला हे सांगितलं. आम्ही वारली. आजीचं सगळं आयुष्य तानसा नदीच्या या खोऱ्यात गेलंय. मुंबई-ठाण्याची माणसं इथे समाधीला नमस्कार करायला आणि गरम पाण्याच्या कुंडात उतरायला येतात. आजी आली ती लग्न होऊन, दुसऱ्याच्या शेतात चिखल तुडवायला. माझं बोलणं ऐकून ती भांडं घासायची थांबली.

‘‘पोरानं तीनदा पेज खाल्ली आन् तुझा मोबाइल सांगतो ते उपाशी?’’

मी म्हटलं, ‘‘तसं नाही आजी, पेज पातळ असते ना, म्हणून ती पिण्यात धरतात.’’

आजी म्हणाली, ‘‘शेठकडची पेज आमी प्यालो. घरची खाल्ली. तुझ्या मोबाइलला दोन्ही एकच?’’

मी त्या रात्री पेज या शब्दाच्या मागे लागले ती या वाक्यामुळे.

शब्दाचं घराणं

आधी कबूल करते, शब्दाच्या मुळाकडे पाहिलं तर ॲप बरोबर होतं. संस्कृतात ‘पा’ म्हणजे पिणे. त्यावरून ‘पेया’, म्हणजे पिण्यासारखी. प्राकृतात तिची ‘पेज्जा’ झाली आणि मराठीत ‘पेज’. ‘पेय’ आणि ‘पेज’ ही एकाच आईची लेकरं. पेज म्हणजे प्यायची गोष्ट, असं शब्दच सांगतो.

जुने वैद्य मात्र एवढ्यावर थांबले नाहीत. तांदूळ आणि पाणी यांच्या मधल्या प्रत्येक पायरीला त्यांनी वेगळं नाव दिलं. नुसतं वरचं निवळ पाणी म्हणजे मंड. ज्यात थोडी शितं आहेत ती पेया. अंगाला लागेल इतकी घट्ट ती विलेपी. या सगळ्या घराण्याचं नाव यवागू. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या दुसऱ्या अध्यायात २८ यवागू सांगितल्या आहेत, कुठली कशावर द्यायची यासकट. वैद्यकाच्या पोथ्यांमध्ये पाण्याचं मापही आहे : यवागूला तांदळाच्या सहापट पाणी, मंडाला चौदापट. पंचकर्म झालेल्या माणसाला आजही आधी पेया देतात, मग विलेपी, मग हळूहळू नेहमीच्या जेवणावर आणतात. म्हणजे पाणी किती घालायचं हे खाणाऱ्याचं पोट पाहून ठरायचं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

यवागूचं पाली रूप ‘यागु’. बौद्ध भिक्षूंच्या नियमांचा ग्रंथ म्हणजे विनयपिटक. त्यातल्या महावग्गात बुद्धांनी यागूचे दहा गुण सांगितले आहेत. ती आयुष्य, कांती, सुख, बळ आणि बुद्धी देते, भूक आणि तहान दोन्ही भागवते, वात सरळ करते, मूत्राशय साफ करते आणि पोटात न पचलेलं राहिलं असेल ते पचवते. आमच्यापासून फार लांब नसलेल्या सोपाऱ्याला एक मोठा स्तूप होता. पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो १८८२ मध्ये खणून काढला. त्या भागातल्या भिक्षूंच्या पात्रात सकाळी काय पडत असेल, याचा अंदाज मला तरी आजीच्या टोपाकडे बघून करता येतो.

दुसरं घराणं कांजीचं. हा शब्द तमिळमध्ये ‘कंजी’ आहे, आणि त्याने जगभर प्रवास केला. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता गोव्यात राहायचा. त्याचं औषधींवरचं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यातच छापलं गेलं. त्यात पटकीवर लिहिताना तो सांगतो, की इथले लोक रोग्याला मिरी-जिरं घातलेलं तांदळाचं पाणी देतात आणि त्याला कांजी म्हणतात. पोर्तुगीजांनी पटकीला जे नाव दिलं, तेही आपल्या ‘मोडशी’वरूनच आलेलं. आज पोर्तुगालमध्ये आणि ब्राझीलमध्ये आजारी माणसाला कोंबडी आणि तांदळाचं गरम सूप देतात, त्याचं नाव ‘कांजा’. इंग्रजांनी त्याच शब्दाचं ‘कॉन्जी’ केलं. हिंदुस्थानातल्या त्यांच्या पलटणींमध्ये शिक्षा झालेल्या शिपायाला कोंडायच्या खोलीला ‘कॉन्जी हाउस’ म्हणत, कारण आत खायला तेवढंच मिळायचं.

बघा, एकच शब्द. पोर्तुगालमध्ये तो आईच्या मायेचा झाला आणि पलटणीत कोठडीचा.

आपल्याकडे तर घरागणिक नावं बदलतात. नागलीचं पीठ आंबवून केली ती आंबील, कारण ती ‘अम्ल’ म्हणजे आंबट. तांदूळ भाजून, भरड काढून बाळासाठी शिजवली ती कण्हेरी. हिचा बोरिवलीच्या कान्हेरी लेण्यांशी संबंध नाही. लेण्यांचं नाव कृष्णगिरीवरून आलं, हिचं कणांवरून. तळकोकणात उकड्या तांदळाची पेज, सोबत भाजलेला सुका बांगडा. तिथे आणि गोव्यात लोक पेज सरळ ‘जेवतात’. म्हणजे क्रियापदं तीन झाली : पिणे, खाणे, जेवणे. कुठलं लावायचं, ते ताटलीत काय आहे त्यावर ठरतं. आणि कोणाच्या घरी आहे, त्यावरही.

भिवंडीतली मांडी

माझे बाबा भिवंडीत एका सायझिंगमध्ये कामाला आहेत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते : लूमवर कापड विणण्याआधी ताण्याचा धागा स्टार्चच्या गरम घोळातून काढतात आणि तापलेल्या सिलिंडरवर वाळवतात. त्यामुळे धाग्यावर पातळ कवच बसतं आणि लूमचे हिसके सोसताना तो तुटत नाही. आता मका, टॅपिओका यांचा स्टार्च येतो. हातमागाच्या काळात विणकर तांदळाची कांजीच धाग्याला लावत. १८५७ नंतर उत्तरेतून आलेल्या मोमीन विणकरांनी भिवंडी हे विणकरांचं गाव केलं. त्यांच्या बोलीत या घोळाचं नाव आहे ‘मांडी’. पोथीतला मंड तो हाच.

बाबा सांगतात, मांडी पातळ झाली की धागा तुटतो, घट्ट झाली की कडक होतो. म्हणून तिथे घोळाचा पातळपणा मोजायला वेगळा माणूस असतो, आणि चुकलं तर त्याला बोलणी बसतात.

हे ऐकून आजी एकदा हसत म्हणाली होती, ‘‘सुताला मापून देतात. आमाला नाय दिली कोणी मापून.’’

ढवळून वाढ

आजीच्या सासऱ्यांनी मुलाच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या लग्नासाठी एका शेठकडून पैसे घेतले. किती, ते आजीला नीट सांगता येत नाही. तिला एवढंच माहीत की लग्नानंतरच्या पहिल्या पावसात ती आणि आजोबा दोघं शेठच्या शेतावर गेले आणि पुढची वीस वर्षं जात राहिले.

या पद्धतीला ठाणे जिल्ह्यात नाव होतं : लग्नगडी. लग्नासाठी कर्ज घ्यायचं आणि ते फिटेपर्यंत देणाऱ्याकडे राबायचं. फिटलं की नाही हे देणाराच सांगणार. डी. सिमिंग्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने मुंबई प्रांतातल्या आदिवासींवर सरकारला अहवाल दिला, तो १९३९ मध्ये छापला गेला. ही लग्नगड्यांची गुलामी त्यात नोंदवलेली आहे. म्हणजे सरकारला माहीत होतं. मे १९४५ मध्ये उंबरगाव तालुक्यातल्या झरी गावी वारली जमले आणि यापुढे वेठ करायची नाही असं ठरवलं. शेतावरच्या मजुरीसाठी दिवसाला बारा आणे मागितले आणि पुढे गवत कापायला ५०० पौंडांमागे अडीच रुपये. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पाच जण मेले. गोदावरी परुळेकरांनी हा लढा उभा केला आणि नंतर ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेवला.

तो लढा डहाणू-तलासरीकडचा. आमच्याकडे त्याची बातमी आली, पण लग्नगडी राहिले. वेठबिगारी संपवणारा केंद्राचा कायदा १९७६ चा. त्याने अशी सगळी कर्जं रद्द केली, कागदावर. इथून जवळच्या उसगावात विवेक आणि विद्युल्लता पंडितांनी श्रमजीवी संघटना उभी केली ती १९८२ मध्ये, म्हणजे कायद्यानंतर सहा वर्षांनी, कारण वेठबिगार अजून होतेच. आजोबांचं शेठकडे जाणं त्यानंतर कधीतरी थांबलं. कुठल्या साली, हे घरात कोणाला आठवत नाही. आजीला आठवतं ते असं, की त्या वर्षी तिने पहिल्यांदा आपल्या घरी बसून सकाळची पेज खाल्ली.

मी तिला विचारलं, ‘‘शेठकडची पेज वेगळी काय होती?’’

तिने सांगितलं ते तिच्या शब्दांत लिहिते.

‘‘आवणीला दहा माणसं असली तरी तेवढाच तांदूळ, वीस असली तरी तेवढाच. माणूस वाढला की पाणी वाढायचं. सकाळी बांधावर टोप यायचा. आमी रांगेत. वाढणारी बाई डाव वरच्यावर फिरवायची, तळाला लावायची नाय. शितं खाली बसलेली. आमाला वरचं पाणी. तळाची शितं टोपासंगं माघारी जायची, त्यांच्या कोंबड्यांना. एकदा मी बोलले, बाय, ढवळून वाढ. तर सगळी माझ्याकडं बघायला लागली. दुपारी तुझ्या आज्याला शेठनं बोलावून घेतलं. तुझी बायको लई बोलते म्हणाला.’’

पोथीत पाणी खाणाऱ्याच्या पोटाकडे पाहून ठरत होतं. बांधावर ते वाढणाऱ्याच्या कोठाराकडे पाहून ठरायचं. टोपातल्या पदार्थाचं नाव दोन्हीकडे एकच.

आमच्या घरी आजही टोप चुलीवरून उतरला की आजी आधी डाव तळाला लावते, तीनदा ढवळते आणि मगच वाढते. लहानपणी मला वाटायचं, ही स्वयंपाकाची रीत असेल.

चमच्यात थांबते का?

आता दुसरी बाजू. आजीचं ऐकून मी तावातावाने पर्यवेक्षकाकडे गेले. म्हटलं, तुमच्या ॲपमध्ये पेज चुकीच्या रकान्यात आहे. तो शांतपणे म्हणाला, ‘‘चुकीच्या नाही. नीट वाच.’’ आणि त्याने मला बाळांच्या आहाराची पुस्तिका दिली.

त्यात होतं ते असं. सहा महिन्यांनंतर बाळाला आईच्या दुधाबरोबर वरचं अन्न लागतं. पण बाळाचं पोट लहान. आठ किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी साधारण २४० मिलिलिटर मावतं, म्हणजे पेलाभर. त्या पेल्यात पातळ पेज भरली तर पोट भरतं, बाळ रडायचं थांबतं, झोपतंही, पण अंगाला लागण्यासारखं त्यात फार थोडं असतं. म्हणून जागतिक आरोग्य संघटना एक साधी परीक्षा सांगते : अन्न चमच्यात घेतल्यावर थांबलं पाहिजे, लगेच ओघळून जाता कामा नये. थांबलं तर ते अन्न. ओघळलं तर पाणीच म्हणायचं.

याच पातळ पेजेला जुलाब होत असताना मात्र औषधाचा मान आहे. अशा वेळी बाळाला मीठ घातलेलं तांदळाचं पाणी द्यायला डॉक्टरही सांगतात. गोव्यातल्या त्या पोर्तुगीज वैद्याने पाहिलं होतं ते खोटं नव्हतं. आजारात पातळ, एरवी घट्ट. गोंधळ होतो तो घरात घट्ट करायला काही नसतं तेव्हा.

आणि आमच्याकडे ते नेमकं पावसाळ्यात नसतं. आषाढ, श्रावण, भादवा. मागचं भात संपलेलं, पुढचं शेतात उभं. याच दिवसांसाठी लोक सावकाराकडून खावटी घ्यायचे, म्हणजे खाण्यापुरतं धान्य, आणि पिकावर दामदुपटीने फेडायचे. पुढे सरकारने आदिवासी विकास महामंडळातर्फे खावटी कर्ज सुरू केलं. २०२० मध्ये टाळेबंदीच्या वर्षी त्याचं अनुदान झालं, कुटुंबाला चार हजार, अर्धे खात्यात, अर्धे सामानाच्या रूपात. या दिवसांत आजीच्या पिढीने रानातून कडूकांद आणला, चिरला, उकडला, रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवून त्याचा कडूपणा काढला आणि खाल्ला. जव्हारजवळच्या वावर-वांगणीत १९९२-९३ मध्ये शंभरावर मुलं गेली, तेव्हा कुपोषण हा शब्द मुंबईच्या वर्तमानपत्रांना कळला. पाड्यावर तो शब्द नव्हता. पाड्यावर म्हणायचे, पोर पेजेवर आहे.

म्हणजे आजी बरोबर होती आणि ॲपही. पेज अन्न होती आणि नव्हतीही. हे कळायला टोपात डोकावणं भाग होतं, आणि ॲपला टोप दिसत नव्हता.

मी पर्यवेक्षकाला विचारलं, एक जास्तीचा प्रश्न टाकता येईल का? तो म्हणाला, मागच्या फेरीशी आकडे जुळले पाहिजेत, प्रश्न बदलता येणार नाहीत. पण शेवटी ‘शेरा’ म्हणून रिकामी जागा आहे, तिथे लिही. मग मी तेच करायला लागले. कोणी ‘पेज’ म्हटलं की विचारायचे, ‘‘बाळानं खाल्ली की प्याली?’’ मला वाटलं होतं बायका हसतील. एकही हसली नाही. कोणी म्हणायची, ‘‘खाल्ली, डाळ टाकलेली.’’ कोणी म्हणायची, ‘‘सकाळची खाल्ली, रातची प्याली.’’ प्रश्न त्यांना लगेच कळायचा. फरक त्यांना ठाऊक होता, फक्त कोणी विचारला नव्हता.

शेवटच्या आठवड्यात मी त्या पहिल्या घरी परत गेले. बाळ तेच, अकरा महिन्यांचं, आईच्या मांडीवर. मी विचारलं, ‘‘खाल्ली की प्याली?’’

ती काही बोलली नाही. उठली, चुलीजवळचा टोप आणला आणि माझ्यासमोर तिरका केला. पांढरं पाणी कडेपर्यंत आलं. त्याच्या मागून थोडी शितं घसरत आली.

‘‘प्याली,’’ ती म्हणाली. ‘‘शनवारपास्नं तांदूळ कमी हाय.’’

आणि टोप सरळ करून तिने त्यावर झाकण ठेवलं. दाराशी शेजारीण उभी होती.

मी शेऱ्यात लिहिलं : ‘पेज पातळ. चमच्यात थांबत नाही. घरात तांदूळ संपत आला आहे.’ त्या शेऱ्याचं पुढे काय झालं ते मला कळलेलं नाही. पण त्याच दुपारी मी अंगणवाडीताईंना गाठलं. त्या दुसऱ्या दिवशी त्या घरी गेल्या, बाळाचं वजन केलं आणि नागलीचं पीठ, मूठभर डाळ आणि वरून चमचाभर तेल घालून पेज कशी घट्ट करायची ते करून दाखवलं. पीठ आणि डाळ ताईंनी आपल्या घरून आणली होती. रेशनचं धान्य त्या महिन्यात आठ दिवस उशिरा आलं.

हे सगळं मी आजीला सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग एकच विचारलं, ‘‘त्या बाईनं टोप दाखवला तुला? आपल्या हातानं?’’

मी म्हटलं, ‘‘हो.’’

आजी बराच वेळ गप्प बसली. नंतर म्हणाली, ‘‘मी नसता दाखवला.’’

त्या रात्री आमच्याकडे कण्यांची पेज होती, सोबत सुकट आणि कच्चा कांदा. आजीने टोप उतरवला, डाव तळाला लावला, तीनदा ढवळला. माझ्या ताटलीत वाढताना म्हणाली, ‘‘खा.’’